कडी नसलेलं दार

मित्रांनो, माझ्या अंगावर एक दुमजली बंगला आहे. सात पायऱ्यांचा जिना आहे, हिरवं दार आहे, दोन खिडक्या आहेत आणि बाजूला एक तळं आहे. तळ्यात दोन हंस आहेत. एवढं सगळं असूनही माझ्या घरात आजवर कोणी एक दिवस राहिलं नाही. कारण मी एक जुना पडदा आहे. फोटो काढणारे लोक बसणाऱ्याच्या पाठीमागे रंगवलेला पडदा सोडतात ना, तो मी.

माझा जन्म रंगाचा नव्हे, सुताचा. जालन्याच्या बाजारात सुरजमल शेटजींचं कापडाचं दुकान होतं. तिथं मी मांजरपाटाचा एक साधा तागा होऊन पडलो होतो. माझ्या शेजारच्या ताग्यांचे सदरे झाले, गाद्यांच्या खोळी झाल्या. एकाचं तर कफन झालं. माझंही असंच काहीतरी होईल, असं मला वाटायचं. पण शेटजींचा मुलगा गोपीकिशन याला फोटो काढायचं वेड लागलं. "मारवाड्याच्या पोरानं कापड सोडून लोकांच्या सावल्या विकायच्या?" असं म्हणून शेटजींनी चार दिवस त्याच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी त्यांनीच मला फेकलं त्याच्या अंगावर. "ले, तेरा परदा," म्हणाले.

मला रंगवलं मच्छिंद्र पेंटरनं. तो देवळांच्या भिंती रंगवायचा. बंगला त्यानं आतून कधी पाहिलाच नव्हता. स्टेशनाकडच्या एका साहेबाच्या बंगल्यासमोर तो रस्त्यावर उभा राहिला, आणि दिसलं तेवढं डोळ्यांत भरून घेऊन आला. जिना काही रस्त्यावरून दिसत नव्हता, म्हणून तो त्यानं मनानंच काढला. त्यामुळे माझी सातवी पायरी दाराला जात नाही, खिडकीला जाऊन टेकते. दार रंगवून झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. मच्छिंद्र ब्रश धूत म्हणाला, "दाराची कडी राह्यली. उद्या काढतो." दुसऱ्या दिवशी त्याला परतूरच्या एका देवळाचं काम लागलं. तो परत आलाच नाही.

तेव्हापासून मी असा आहे, मित्रांनो. दार आहे, पण कडी नाही.

गोपीकिशनचा स्टुडिओ म्हणजे एकच खोली. छतात उजेडासाठी काचा बसवलेल्या. वर बांबू, बांबूला मी. समोर तीन पायांवर मोठा कॅमेरा. जालना शहर मी कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. टांग्यांच्या घंटा ऐकल्या, रेल्वेची शिट्टी ऐकली, आणि दिवसातून चार वेळा कापसाच्या जिनचा भोंगा ऐकला. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना.

माझी स्तुती फार झाली. नवी जोडपी यायची, आडतीचे व्यापारी यायचे, निजामाच्या फौजेतले शिपाई यायचे. "वा, काय बंगला काढलाय!" असं प्रत्येक जण म्हणायचा. गोपीकिशन त्यांना काळा कोट घालायचा, हातांच्या खुर्चीत बसवायचा आणि म्हणायचा, "बिलकुल हलायचं नाही. श्वास रोखा." मला तेव्हा फार गर्व व्हायचा. पुढे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझी स्तुती करणारे सगळेच बसताना माझ्याकडे पाठ करून बसत होते.

असा आठ-नऊ वर्षं मी टांगलेला होतो. मग एका बाजाराच्या दिवशी तो आला.

त्याच्या भुवयांत आणि कानांत कापसाचे तंतू अडकले होते, त्यामुळे तरुण असून तो म्हातारा दिसत होता. गळ्यात दोऱ्याला पितळेचा बिल्ला होता. गोपीकिशननं पाकीट हातात घेऊन विचारलं, "नाव?" त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात गोपीकिशनला बिल्ला दिसला.

"सत्तेचाळीस? बस, हाच नंबर टाकतो पाकिटावर. याद राहील."

त्यानं उघडलेलं तोंड मिटलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "जिनमधी आवाजच एवढा की नाव कोणाला ऐकू येत न्हाई. मुकादम बोटं दाखवतो. दोन वरसं झाली, आता सवय झाली."

त्या दिवशी तो बराच बोलला. बहुधा फार दिवसांनी कोणी त्याला खुर्ची दिली होती. तो पिंपळगाव रेणुकाईचा. थोरला भाऊ पुंजाराम याच्याशी भांडून, बायकोला गावीच ठेवून, तो घर सोडून आला होता. निघताना भाऊ म्हणाला होता, "जा. जालन्यात तुला कुत्रंबी वळखणार न्हाई." तेव्हा यानं उत्तर दिलं होतं, "वळखतं का न्हाई ते दाखवतोच." आता एका खोलीत आठ जण राहत होते. चार जण दिवसपाळीला, चार जण रातपाळीला.

"मी उठलो की माझ्या अंथरुणावर दुसरा येऊन पडतो," तो म्हणाला. "अंथरूण गार व्हत न्हाई. पर त्या माणसाचं तोंड मी अजून पाह्यलं न्हाई. कदी कदी वाटतं, तो बी मीच हाय का काय!"

गोपीकिशन हसला. सत्तेचाळीस मात्र हसला नाही. कोट घालून खुर्चीत बसला, श्वास रोखला, आणि माझ्या बंगल्याचा मालक झाला.

फोटो गावाला गेला. महिन्याभरानं सत्तेचाळीस एक पत्र घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून गोपीकिशननं वाचून दाखवलं. "चिरंजीव धाकट्या भावास पुंजारामाचा आशीर्वाद. फोटो पोचला. अख्ख्या गावानं पाह्यला. मी बोललो ते इसरून जा. वरच्या मजल्यावर खोल्या किती ते कळव."

गोपीकिशन पोट धरून हसला. "अरे भाई, त्यांना वाटलं हा तुझाच बंगला!"

सत्तेचाळीस वळला आणि पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. कोणी पाहत नाही असं पाहिलं. एक एक पायरी मोजली, खिडक्या मोजल्या.

"तीन खोल्या असतील," तो म्हणाला. "तसं लिहा."

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो, की माझ्या खिडकीमागे चुन्याची भिंत आहे आणि भिंतीवर एक पाल आहे, बाकी काही नाही. पण मी गप्प टांगलेला राहिलो.

त्यानंतर सुटीच्या दिवशी तो येऊन बसू लागला. बसायला मिळावं म्हणून तो स्टुडिओ झाडायचा, वरच्या काचा पुसायचा. येताना चपला बाहेर काढायचा, आणि माझ्यासमोर पाय पुसायचा. एकदा त्याच्या खोलीतला कडूबा त्याला शोधत आला.

"काय मालक," कडूबा म्हणाला, "आज वरच्या मजल्यावर झोपता का खाली? आमच्यासाठी एखांदी खोली न्हाई का?"

"हाय की," तो सरळपणे म्हणाला. "पर जिना जरा अवघड हाय."

कडूबाचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं गोपीकिशनकडे पाहिलं. गोपीकिशननं नजर चुकवली.

त्याचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून असेल, गोपीकिशननं एक दिवस त्याला कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली बोलावलं. "बघ, मी काय बघतो ते." तो फडक्याखाली गेला. मित्रांनो, कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. आकाश खाली, जमीन वर. तो फार वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"घर उलटं हाय," तो म्हणाला.

"काचेत तसंच दिसतं. असलियत सुलटी असते."

"ते तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "जिनमधी सगळं पांढरं दिसतं. हात पांढरे, हवा पांढरी. खोलीत माझ्या जागी दुसराच झोपतो. रस्त्यानं चाललो तर धक्का मारणारा बी माझ्याकडं बघत न्हाई. आन् हितं, ह्या घरासमोर, सारं गाव मला बघून राह्यलंय. मंग शेटजी, खरं कोणतं?"

गोपीकिशननं कॅमेऱ्यावर फडकं टाकलं.

मग दुसरं पत्र आलं. तेही गोपीकिशननंच वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. "चिरंजीव भावास आशीर्वाद. थोरल्या पोराचं लग्न झालं. तुझ्या वाट्याची खोली रिकामीच होती, ती त्याला दिली. तुला तिथं तीन खोल्या आहेत, तेव्हा तुझी हरकत नसेल. तुझ्या घरच्या मंडळीला पाठवून देतो. ती पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडीनं येईल."

आता गावात तिला खोली उरली नव्हती. आणि इथं तर कधी नव्हतीच.

"आजच्या आज लिहू," गोपीकिशन म्हणाला. "खरं काय ते लिहू. मी लिहितो, माझी चूक समज. फोटोतला बंगला कापडाचा आहे, बाईला पाठवू नका."

"न्हाई," तो म्हणाला. "घर हाय तर लिहायचं कशाला?"

"अरे, कुठं आहे?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "कडी तेवढी सापडंना. कडी सापडली की झालं."

त्या आठवड्यात तो जिनला गेला नाही. भोंगा वाजायचा तेव्हा तो माझ्यासमोर उभा असायचा, आणि माझ्या दारावरून हळूहळू हात फिरवायचा. गोपीकिशननं त्याला बाहेर काढलं की तो स्टुडिओच्या दारात बसायचा. मला त्याच्या बोटांचा खरबरीतपणा अजून आठवतो. इतक्या वर्षांत मला हात लावणारा तो एकटाच. आणि मला त्याच्यासाठी उघडता येत नव्हतं. तो बाहेर अडकला होता आणि मी आत अडकलो होतो, आणि आमच्या मधलं दार मीच होतो.

बाजाराच्या दिवशी ती आली. द्वारकाबाई तिचं नाव. डोक्यावर बोचकं, काखेत एक डबा, डब्यात मातीसकट तुळशीचं रोप. मागून तिला घेऊन येणारा टांगेवाला हसत हसत आत शिरला.

"गोपीशेट, ही बाई बाजारात फोटो दाखवून विचारून राह्यली, ह्यो बंगला कुठं हाय म्हणून. मी म्हणलं, बाई, ह्या बंगल्यात तर माझंबी लगीन झालेलं हाय! अर्धं जालना त्याचं मालक हाय!"

द्वारकाबाईनं टांगेवाल्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं मला पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलंच व्हतं."

"काय वाटलं होतं, बाई?" गोपीकिशननं विचारलं.

"गावात समद्यांनी खिडक्या मोजल्या, खोल्या मोजल्या. मी पाह्यलं, दारात तुळस न्हाई. धुराड्यातून धूर न्हाई. दाराला कडी न्हाई. म्हणलं, असल्या घरात माणूस राहतो कसा? म्हणून तुळस घेऊन आले."

सत्तेचाळीस खुर्चीतून उठला. त्याच्या तोंडावर असं हसू होतं की ते पाहून मला माझ्या रंगवलेल्या तळ्याला खरं मानणाऱ्या हंसांची कीव आली.

"आलीस? ये. चपला भायेर काढ. आत ये, आत थंड हाय."

"अवो, कुठं आत?"

"हे काय! जिन्यानं ये." आणि त्यानं माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

कापड फाटल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो माझाच होता. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत माझ्यातून आरपार गेला. पहिल्या चार पायऱ्या उभ्या फाटल्या. पायाची बोटं पलीकडच्या भिंतीवर आपटली, चुना खाली पडला, पाल पळाली. तो तसाच अडकून राहिला. एक पाय घरात, एक पाय बाहेर.

"कडी," तो म्हणाला. "जल्दी कडी काढा कोणीतरी."

"अवो," द्वारकाबाईनं हाक मारली. तो वळला नाही. "अवो, ऐकलं का? अवो धनी!"

गोपीकिशन घाबरून ओरडला, "ओ सत्तेचाळीस!" तेव्हा मात्र त्यानं मान वळवली. नंबरला त्यानं ओ दिली, बायकोच्या हाकेला नाही.

द्वारकाबाईनं ते पाहिलं. तिनं तुळशीचा डबा खाली ठेवला. मित्रांनो, त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात, मंगळागौरीला उखाण्यात गुंफून घेतलं तर घेतलं. एरवी घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणत. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, डोळे मिटले, क्षणभर रेणुकाईला हात जोडले. मग डोळे उघडून, टांगेवाल्यासमोर, गोपीकिशनसमोर, ती मोठ्यानं म्हणाली,

"रखमाजी!"

खोलीत कोणी श्वास घेतला नाही. त्या दिवशी गोपीकिशननं 'श्वास रोखा' म्हटलंही नव्हतं.

"रखमाजी, पाय काढा तिथून. मागं भिंत हाय."

त्यानं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग फाटक्या कापडातून पलीकडे पाहिलं. चुना, कोळिष्टक, एक खिळा. फार वेळ पाहिलं. मग लहान मुलासारखा म्हणाला, "ओ."

एवढंच. "ओ." आणि त्यानं पाय बाहेर काढला.

तेव्हा मला त्याचं नाव कळलं. इतके दिवस तो माझ्यासमोर बसत होता, आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

खाली बसून तो रडला. द्वारकाबाईनं त्याच्या भुवयांतले कापसाचे तंतू एकेक करून काढले. टांगेवाला केव्हाच हसायचा थांबला होता. शेवटी ती म्हणाली, "रडून झालं का? मंग उठा. सांजच्याला ह्या तुळशीला ऊन कुठं लागंल ते बघा आदी. घर तिच्या मागं बांधू."

टांगेवाल्यानंच त्यांना कुंडलिका नदीच्या काठावरची मोकळी जागा दाखवली. तिथं कुडाचं खोपटं उभं राहिलं. दार तट्ट्याचं होतं, पण आत-बाहेर उघडायचं. हे मला कडूबाकडून कळलं. त्याला तिथं जेवायला बोलावलं होतं. "बंगला बारीक हाय," तो गोपीकिशनला सांगत होता, "पर भाकर खरी हाय, शेट."

गोपीकिशननं मला सुईदोऱ्यानं शिवलं. टाके जिन्यावर आडवे दिसायचे. त्यानंतर मला पाहून 'वा' म्हणणारे कमी झाले. पुढे छोटे कॅमेरे आले. मग रझाकारांचे दिवस आले, आणि स्टुडिओला कुलूप लागलं. मला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. मित्रांनो, गुंडाळलेल्या पडद्यात काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे का? दारावर तळं येतं, तळ्यावर खिडकी येते, खिडकीवर पायरी. आपलंच घर आपल्याच छातीवर बसतं. बाहेर दिवस आहे की संध्याकाळ, ते कळत नाही. माझं एक टोक उंदरांनी खाल्लं. मला वाटलं, जगात बाहेर असं काही नसेलच. असेल ती ही गुंडाळी.

मग एक दिवस कुलूप उघडलं. अठ्ठेचाळीस सालची पोलीस ॲक्शन होऊन दोनेक महिने झाले होते. दारात पिकल्या भुवयांचा माणूस उभा होता. या वेळी भुवया खरोखरच पिकल्या होत्या.

"शेटजी, आमच्या नदीकाठच्या वस्तीत रामराव मास्तरनं मराठी शाळा काढली. फळा न्हाई. जुनं काही कापड असंल तर..."

गोपीकिशननं मला उलगडलं. दोघेही टाक्यांकडे पाहत राहिले.

"हाच घेऊन जा, रखमाजी," गोपीकिशन म्हणाला. त्यानं नंबर म्हटला नाही. "तुझा पाय आहे याच्यावर."

माझ्या पाठीवर काजळी आणि सरस यांचा थर दिला. मी गुंडाळफळा झालो. बंगला भिंतीकडे गेला आणि अक्षरं पुढे आली. सकाळी मुलं येतात, दुपारी मोठी माणसं. मला दिसत नाही, पण खडू पाठीवर फिरतो तेव्हा अक्षर कळतं. असं मी उतारवयात लिहायला वाचायला शिकलो, तेही उलट्या बाजूनं.

एका दुपारी रामराव मास्तरांनी द्वारकाबाईला पुढे बोलावलं. "तुम्हाला येतं ते कोणतंही एक नाव लिहा."

खडू बराच वेळ हवेतच राहिला. मग तिनं विचारलं, "मास्तर, लिवलं तर घेतल्यावानी होतं का?"

बायका खो खो हसल्या. "द्वारकाबाई, नवऱ्याचं नाव लिवती का काय!" एक जणी ओरडली. "आयुक्ष कमी व्हतं गं बाई!"

"एकदा घेतलं व्हतं," द्वारकाबाई म्हणाली. "तवापून वाढलंच हाय."

आणि खडू टेकला. आधी र. मग ख, त्याला फार वेळ लागला. मा. जी ची वेलांटी शिवणीवरून गेली, तेव्हा जुना टाका जरा दुखला.

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. मला गुंडाळाल तेव्हा सैल गुंडाळा, घडी घालू नका, आणि उंदरांपासून जपा. आणि तुमच्या गावात, तुमच्या रस्त्यावर, तुमच्या कारखान्यात जो कोणी दिवसभर कोणाच्याच ओळखीचा नसतो, त्याचं नाव विचारा. विचारून सोडून देऊ नका. हाक मारा. तो लगेच ओ देणार नाही. कदाचित त्याचा एक पाय कुठल्यातरी पडद्यात अडकलेला असेल. परत हाक मारा.

मास्तर फळा पुसायला आले, तेव्हा द्वारकाबाई म्हणाली, "आजचा दिस राहू द्या."

अजून आहे ते. माझ्या दाराच्या बरोबर पाठीमागे.